बोळातली झारी, पुदिना आणि पिवळी वेल

मित्रांनो, सोलापूरच्या भवानी पेठेत दोन घरांच्या मध्ये एक अरुंद बोळ आहे. त्या बोळात भिंतीला टेकून बसलेली पत्र्याची जुनी झारी तुमच्यापैकी कोणी पाहिली असेल, तर ती मी. माझ्या अंगावरचा हिरवा रंग केव्हाच उडाला आहे. पण एके काळी या बोळातल्या दोन झाडांचे आयुष्य माझ्या पाण्यावर चालत होते. त्या झाडांची आणि ती लावणाऱ्या दोघींची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म तेलाच्या रिकाम्या डब्यातून झाला. सलमान नावाच्या कारागिराने तो डबा कापला, ठोकून गोल केला आणि कथलाने माझे सांधे जोडले. माझ्या तोंडाला त्याने बारीक भोकांची जाळी बसवली. पहिल्यांदा पाणी भरून त्याने मला वाकवले, तेव्हा माझ्यातून इतकी नाजूक सर पडली की तो स्वतःच हसला.

मला दोघींनी मिळून विकत घेतले. एकीचे नाव सायराबानू. त्यांचे पती महबूब टेम्पो चालवत. दुसरीचे नाव मीनाबाई. त्यांचे पती धोंडिराम यांनी तीस वर्षे यंत्रमागावर चादरी विणल्या होत्या. कापसाच्या धुळीने त्यांची छाती भरली होती आणि आता त्यांचा बहुतेक वेळ खाटेवरच जाई. ती खाट बोळाकडच्या खिडकीला लागून होती.

बोळाच्या तोंडाशी चार मजली इमारत उभी राहिली आणि तिथले ऊन गेले. आधी गुलाब वाळला, मग तुळस गेली. तेव्हा दोघी अक्कलकोट रस्त्यावरच्या गुरुसिद्धप्पांच्या रोपवाटिकेत गेल्या. मला नुकतेच घेतले होते, म्हणून मीही मीनाबाईंच्या हातात होते.

"आण्णा, सावलीत काय जगंल?" मीनाबाईंनी विचारले. "लावलं की दरसाली मरायला नगं."

सायराबानूंच्या हातात आधीच एक फांदी होती. त्यांची लेक माहेनूर लग्न होऊन विजापूरला गेली होती. तिने सासरच्या अंगणातून पिवळ्या फुलांच्या वेलीची ती फांदी पाठवली होती. गुरुसिद्धप्पांनी ती निरखून पाहिली. मग त्यांनी पुदिन्याचे एक रोप मीनाबाईंच्या पुढे ठेवले.

"दोन्ही सावलीत जगतेत. दोन्ही लई पळतेत," ते म्हणाले. "ही वेल वरनं पळती. जिथं टेकंल तिथं मूळ धरती. पुदिना जमिनीखालनं पळतो. वेलीला पाणी कमी चालतं, पुदिन्याला रोज पायजे. शेजारी लावणार असाल तर मधी शहाबादी फरशी उभी पुरा."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. "आमच्या दोघींच्या मधी कशाला फरशी?" सायराबानू म्हणाल्या.

फरशी कोणीच पुरली नाही.

मित्रांनो, मी दोन्ही झाडांना सारखेच पाणी घातले, पण ती दोघे सारखी नव्हती. वेलीची पाने जाड आणि चकचकीत. सावलीत तिला फुले कमी येत, पण एखादे उमलले की तो काळोखा कोपरा उजळून निघे. सायराबानू उमललेली फुले मोजत आणि फोनवर माहेनूरला आकडा सांगत. पुदिना दिसायला साधा. एक दिवस पाणी चुकले तर मान टाकायचा, आणि माझी सर पडताच असा दरवळायचा की खिडकीतून धोंडिरामांचा आवाज येई, "आली का झारी?" मग ते डोळे मिटून खोल श्वास घेत. त्या वासाने छाती मोकळी होते, असे ते म्हणत. खरेच होत होती की नाही, मला ठाऊक नाही. त्यांचा चेहरा मात्र निवत असे.

सकाळी मीनाबाई पाणी घालत, संध्याकाळी सायराबानू. कोणी पाहुणी आली की दोघी मला दाखवून म्हणत, "ही आमची झारी." तेवढे ऐकले की मला भरून पावल्यासारखे वाटे. माझी चार वर्षे अशी सुखात गेली.

पाचव्या वर्षी उन्हाळा फार कडक आला. नळाला पाच दिवसांआड पाणी येऊ लागले. त्यातच धोंडिरामांचा श्वास अडकला आणि त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. मीनाबाईही रात्रंदिवस तिथेच राहिल्या. रिक्षात बसताना मीनाबाई एवढेच म्हणाल्या, "आपा, पुदिन्याकडं बघा."

"तू निर्धास्त जा," सायराबानू म्हणाल्या.

त्यांनी शब्द पाळला. पाणी इतके कमी होते की पिण्यासाठी भरलेल्या हंड्यावर त्या झाकण घट्ट लावून ठेवत. मग त्यांनी वजूचे, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुतलेले पाणी एका घमेल्यात धरायला सुरुवात केली. पाच वेळचे ते थोडे थोडे पाणी त्या माझ्यात ओतत. गुडघे धरून बोळात येत आणि सगळे पाणी पुदिन्याला घालत. लेकीच्या वेलीला त्यातला एक थेंबही मिळत नसे.

पण वेलीला थेंब लागतच नव्हता. ती पुदिन्याच्या बाजूची ओली माती शोधत सरकत गेली आणि बारा-पंधरा दिवसांत तिने पुदिना झाकून टाकला. एका सकाळी सायराबानूंनी वेल उचलून पाहिली. खालची माती गार होती. पुदिन्याचे कोवळे, फिकट कोंब तिथे जिवंत होते. बाहेर मात्र भिंतीसुद्धा तापल्या होत्या. त्यांनी वेल हलकेच परत खाली ठेवली.

"राहू दे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "सावलीत हाय तर जगतोय. मीना आली की दोघी मिळून काढू."

हे त्यांचे बोलणे फक्त मी ऐकले. आणि मला बोलता येत नाही.

दोन दिवसांनी दुपारी मीनाबाई धावत बोळात आल्या. धोंडिरामांनी घरच्या पुदिन्याचा वास मागितला होता. सायराबानू तेव्हा गुडघ्याच्या औषधासाठी बाहेर गेल्या होत्या. मीनाबाईंना सगळीकडे पिवळी वेलच दिसली. त्या क्षणभर थांबल्या आणि आल्या तशा निघून गेल्या. पुढचे मला नंतर बोळातल्या बोलण्यातून कळले. त्यांनी बाजारातून जुडी नेली. ती नाकाशी धरून धोंडिराम म्हणाले, "ह्यो न्हाय." जुडी त्यांनी उशाशी ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी ते गेले.

अंत्यसंस्कारानंतरच्या सकाळी मीनाबाई बोळात उतरल्या. दोन्ही हातांनी त्या वेल उपटू लागल्या. मुळासकट, मातीसकट. त्यांची लाथ लागून मी भिंतीशी कलंडले आणि तिथेच पडून राहिले. त्याच वेळी सायराबानू खिचडीचा डबा घेऊन दारात आल्या.

"मीना, अगं थांब! काय करतेस?"

"तुमच्या वेलीनं माझा पुदिना गिळला, आपा," मीनाबाई मागे न बघता म्हणाल्या. "त्यांनी शेवटचं येवढंच मागितलं व्हतं. एक काडी मिळाली न्हाय मला."

"माझं ऐक तरी…"

"काय ऐकू? तुमच्या लेकीची वेल जगली. माझं माणूस गेलं."

सायराबानूंचे ओठ हलले. पण नवरा गेलेल्या बाईपुढे आपण घातलेल्या पाण्याचा पाढा काय वाचायचा, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी डबा मीनाबाईंच्या उंबऱ्यावर ठेवला आणि त्या आपल्या घरात गेल्या. मीनाबाईंनी तो उघडला नाही.

उपटलेल्या वेलीच्या मुळांत पुदिन्याचे पांढरे धावते कोंब गुंतलेले होते. त्यांच्या टोकांना हिरवे डोळे होते. मीनाबाईंना ते गवत वाटले. उघडी पडलेली माती चार दिवसांत भेगाळली आणि जे काही उरले होते, तेही मेले.

त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. मला मीनाबाईंनी उचलले नाही, कारण मी सायराबानूंची. सायराबानूंनी उचलले नाही, कारण मी मीनाबाईंची. पाऊस आला, माझ्यात पाणी साचले, डास झाले, गंज चढला. दोघी आपापल्या खिडकीतून माझ्याकडे बघत आणि खिडकी लावून घेत.

पुढच्या वर्षी सायराबानूंचे मूत्रपिंडाचे दुखणे वाढले. माहेनूर त्यांना आणि महबूबना विजापूरला न्यायला आली. निघताना त्या मीनाबाईंच्या दाराशी थांबल्या. "मीना, जाते गं," त्यांनी हाक मारली. मीनाबाई पडद्यामागे उभ्या होत्या. पडदा हातात धरलेला मला दिसत होता. तो बाजूला झाला नाही. रिक्षा निघून गेली.

दोन महिन्यांनी महबूब एकटेच परतले. सायराबानू विजापूरलाच वारल्या होत्या. शेजारपाजारचे लोक भेटून गेले. सगळ्यांच्या शेवटी मीनाबाई आल्या. दोघे बोळातच उभे राहिले.

"भाईजान, एकदा बोलायचं व्हतं त्यांच्याशी," मीनाबाई म्हणाल्या. "राहून गेलं."

महबूबनी वेल होती त्या उघड्या मातीकडे पाहिले. मग म्हणाले, "भाभी, तिनं मला सांगू नको म्हणून सांगितलं होतं. पण आता ठेवून काय करू? त्या उन्हाळ्यात ती वजूचं पाणी धरायची. सगळं तुमच्या पुदिन्याला. वेलीखाली पुदिना जिता हाय, मीना आली की तिला दाखवते, असं रोज म्हणायची."

मीनाबाईंनी आपले दोन्ही हात समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. "पांढऱ्या मुळ्या व्हत्या," त्या पुटपुटल्या. "डोळे फुटलेल्या. माझ्याच हातात आल्या व्हत्या." आणि त्या खाली बसल्या.

महबूब घराला कुलूप लावून लेकीकडे गेले. त्या दुपारी मीनाबाईंनी मला उचलले. वर्षाहून अधिक काळाने कोणाचा तरी हात लागला. त्यांनी माझ्यातला गाळ काढला आणि मला नळाखाली धरले. पण गंजाने माझा तळ खाऊन टाकला होता. त्या झाडांच्या जागेपर्यंत पोहोचल्या, तेव्हा माझ्यात पाणी उरले नव्हते. त्या परत गेल्या, परत भरून आणले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेनंतर त्यांनी मला कोरड्या मातीवर भिंतीला टेकवून ठेवले आणि सायराबानूंच्या बंद दाराकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "आपा, चुकलं माझं."

मित्रांनो, मी गंजले याचे मला फारसे दुःख नाही. पत्रा आज ना उद्या गंजतोच. पण माझे ऐका. ज्याच्याशी तुमचे बोलणे तुटले आहे, त्याच्या दारात आजच जा. तो काही सांगू लागला तर त्याला पुरते सांगू द्या. आणि एक झाड दुसऱ्यावर पसरलेले दिसले, तर उपटण्याआधी पाने हळूच बाजूला करा आणि खालची माती हाताने चाचपून बघा.