टाकीच्या आडोशाला निजलेला पांढरा माणूस

बोरगावात कमलच्या घराच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कालच्या गारपिटीनं संत्र्याच्या बागा झोडपल्या होत्या, तरी अर्धं गाव तिच्या स्लॅबवर चढलं होतं. बाकी स्लॅबवर एक गार नाही, आणि पाण्याच्या टाकीला डोकं लावून माणूस निजावा तसा गारांचा ढीग. डोक्याकडे उंच, पायांकडे निमुळता. वर गोधडी.

कमलचा नवरा शालिकराम उन्हाळ्यात तिथंच निजायचा. गेल्या मे महिन्यात तिथंच, झोपेत गेला.

"आला तो, बाई!" गावात अंगारे-धुपारे करणाऱ्या विनायकबुवानं डोळे फिरवले. "गारठून राहिला होता, म्हणून काल सांजेलेच म्या गोधडी टाकली. गावच्या गारा विरघळल्या, हा नाही विरघळला! सात दिवस हात लावू नका. आत श्वास चालू हाय त्याचा."

कमलला रात्रभर छतातून टपटप ऐकू आली होती. तेच पाणी मागत असतील, असं वाटून तिनं पहाटे तांब्या भरून ढिगाशी ठेवला होता.

तेवढ्यात शेजारचा चेतन वर आला. फौजेतून नुकताच निवृत्त झालेला. "आधी सगळे खाली उतरा! खालच्या खोलीत छताले तडा गेला हाय. स्नेहानं दाखवला मले."

स्नेहा म्हणजे कमलची लेक. तडा म्हटल्याबरोबर जिना रिकामा झाला. बुवा जिन्याच्या वरच्या तोंडाशी थांबला. कमल मात्र हलली नाही.

"काहून हटवता, चेतनभाऊ? एवढंच तर आलं माह्याकडं."

चेतन वाद घालत बसला नाही. त्यानं तिला खाली अंगणात नेलं, परातीत वीट ठेवली, कोंडा पसरला आणि तिच्या हाती पुठ्ठा दिला. "वहिनी, वारा घाला."

कोंडा मोकळ्या जागेतून उडाला आणि विटेमागं साचला. विटेशी उंच, पुढं निमुळता. कमलनं दुसऱ्या बाजूनं वारा घातला. ढीग विटेच्या दुसऱ्या अंगाला आला. तिनं पुन्हा घातला. पुन्हा तेच.

"लडाखात सपाट छतावर बर्फ असाच बसे. वारा मोकळ्यातलं झाडून नेते, आडोशाले टाकते. मग सारं ओझं एकाच जागी. आमी फावड्यानं काढत होतो."

"मंग विरघळलं काहून नाही?"

"बर्फवाला लादी पोत्यात काहून गुंडाळते? गोधडीनं ऊन आत गेलंच नाही."

"अन् श्वास?" वरून बुवा ओरडला.

कमल जिना चढली. गोधडी तिनंच उचलली. गारांवरचं गार धुकं तोंडावर आलं, सोडलेल्या श्वासासारखं. तिनं गारांत कोपरापर्यंत हात घातला, बराच वेळ ठेवला. आत कुणी नव्हतं. ती तिथंच बसून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "फावडं द्या."

बुवा केव्हा सटकला, कुणाला कळलं नाही.

ढीग उतरला तेव्हा खालच्या तड्यात बोट जात होतं. त्याच्या बरोबर खाली स्नेहाची खाट. कमलनं खाट ओढून बाहेर काढली आणि दारातल्या बायकांना म्हणाली, "ते यावे असं मले रोजच वाटते. त्यात खोटं काही नाही. पण कोणी म्हणलं आले, तर हात लावून पाहा, बायांनो. हात लावू नका म्हणणाऱ्याच्या भरवशावर मी पोरगी घालवली असती."