आठवी विहीर

आम्ही लाल वाळूतली माणसं. दूध पाजलेलं पोर आमच्यात पोटचंच धरतात, आणि या एका रीतीनं आमचं वाटोळं झालं. रीतीला तरी कशाला बोल लावू? हट्ट माझाच होता.

नदीपलीकडच्या अर्तास्प राजानं तह केला, तेव्हा ओलीस म्हणून आपला सहा महिन्यांचा मुलगा वर्झान आमच्याकडे धाडला. माझं बाळ नुकतंच गेलं होतं. मी त्याला छातीशी लावलं. चौदा वर्षांचा होईपर्यंत तो आमच्यात वाढायचा होता. फक्त वसंतात महिनाभर बापाकडे जायचा. परत आला की आठवडाभर मला चिकटून बसायचा.

आमच्या विहिरी परक्याला दिसत नाहीत. तोंडावर फळ्या, त्यावर लोकरीचा नमदा, त्यावर वाळू. मुलगा सात वर्षांचा झाला की बाप त्याला दर वर्षी एक विहीर दाखवतो. शेवटची आठवी, कधी न आटणारी. वर्झानची पाळी आली तेव्हा माझा नवरा मिहरक टाळाटाळ करायला लागला.

"राजाचं पोर आहे ते. उद्या बापाकडे जाणार."

"माझं दूध प्यालंय ते. त्याला दाखवायची नसेल, तर मलाही आजपासून परकी समज."

"तुझ्या तोंडाला कोण लागणार, झर्का," म्हणत त्यानं पोराला घोड्यावर पुढ्यात घेतलं.

सात वर्षांत सात विहिरी दाखवून झाल्या. आठवीच्या आधी वर्झान कायमचा बापाकडे गेला. आणि दहा वर्षांनी आला तो फौज घेऊन. एका विहिरीवरून दुसरीवर, कुठेही वाट न चुकता. सातवीत मिहरकनं मेलेल्या मेंढ्या टाकून पाणी नासवलं आणि तिथंच तो लढताना पडला. उरलेली माणसं आठवीकडे निघाली. मी मागे राहिले. मला त्या पोराला एक विचारायचं होतं.

तो तंबूत शिरला. दाढी आली होती, पण वाकताना डावा खांदा आधी आत घालायची खोड तीच होती. मागोमाग एक शिपाई आला.

"आई."

"ये. सुटलायस की. बाप चांगला खाऊ घालतो वाटतं."

"बाबा थकलेत. आता सगळं मीच बघतो." मग खाली बघत म्हणाला, "मिहरकबाबांना जिवंत धरा म्हणून सांगितलं होतं मी."

"विहिरी कधीपासून सांगत होतास?"

"पहिल्या वर्षापासून. बाबा वाळूत वाटा काढायचे, मी खडे ठेवायचो. चुकलं की जेवण बंद. राज्य करायचं तर दुसऱ्याचं पाणी आधी ठाऊक पाहिजे, म्हणायचे."

"आणि परत येऊन माझ्या कुशीत झोपायचास."

"ते खरं होतं, आई."

मला ते पटलं, त्याचाच जास्त संताप आला. हाताला सवय, म्हणून घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा पुढे केला. त्यानं तो घेतला आणि शिपायाकडे दिला. शिपायानं घोट घेतला. दोघं थोडा वेळ थांबले, मग वर्झान प्यायला. मिहरक गेल्याचं कळलं तेव्हाही मला इतकं लागलं नव्हतं.

"हेही बापानंच शिकवलं?"

"कुणाच्याही हातचं तसंच प्यायचं नाही, असं आहे आमच्यात."

"कुणाच्याही," मी म्हटलं.

"आई, आठवी कुठे आहे? माणसं तहानेनं पडायला लागलीत. तुझ्या लोकांना हात लावणार नाही. शपथ."

"दक्षिणेला. तीन दिवसांची वाट. काळ्या टेकडीच्या पायथ्याशी."

तिथं नुसतं मीठ आहे. त्यानं पुन्हा विचारलं नाही, वाट दाखवायला मला सोबतही घेतलं नाही. लहानपणी करायचा तसं माझ्या हातांवर कपाळ टेकलं आणि निघाला. दूध चाखून घेणाऱ्यानं माझा शब्द मात्र तसाच घेतला.

त्यांची धूळ दक्षिणेला दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते. एकदा तोंडापर्यंत हाक आली, ती मी गिळली. वाडग्यात थोडं दूध उरलं होतं. ते वाळूत ओतलं आणि उत्तरेला, आठवीकडे चालू लागले.