अकरा डब्या

"चालतंय? म्हणजे आज, आत्ता?" समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढून विचारलं.

"आज, आत्ता. अकरा दवाखान्यांत," फ्रिजवाला छाती फुगवून म्हणाला आणि टेबलावरची डबी त्याने आणखी थोडी पुढे सरकवली.

साबणाच्या वडीएवढी डबी. लसींच्या फ्रिजला बाहेरून दोन स्क्रूंनी बसवायची आणि तिची बारीक तार आत सोडायची. आतलं तापमान दोन अंशांच्या खाली गेलं की डबी थेट नर्सच्या फोनवर कॉल करायची. बाकी काही नाही.

"पण लस गरम होऊन खराब होते ना?" समितीतल्या तज्ज्ञाने विचारलं.

"गरम झाली तर बाटलीवरची खूण रंग बदलते, साहेब. नर्सला दिसतं, ती फेकून देते. काही लसी गोठूनही वाया जातात, त्याचं काय? रात्री गोठतात, सकाळी वितळतात, दिसायला जशाच्या तशा. बाळाला सुई टोचली जाते, आईला वाटतं काम झालं, आणि पोटात गेलेलं असतं शून्य."

"दंडात," शेजारी बसलेली त्याची मुलगी हळूच म्हणाली.

"तेच ते. दंडात."

तीस वर्षं तो फ्रिज दुरुस्त करत होता. दवाखान्यातल्या फ्रिजच्या मागच्या भिंतीवर बर्फाचा थर त्याने कितीदा तरी पाहिला होता आणि दर वेळी थर्मोस्टॅट बदलून निमूट घरी गेला होता. मग एके दिवशी त्याचा त्यालाच राग आला आणि त्याने ही डबी बनवली. आता प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मिळालं, तर आरोग्य खातं चारशे दवाखान्यांत ती बसवायला तयार होतं. त्या तपासणीचा खर्च त्याच्या बापजन्मात झेपला नसता. म्हणून हे अनुदान. मुलीने नोकरी सांभाळून चौसष्ट पानांचा अर्ज भरला होता, आणि एक्कावन्नाव्या वर्षी बाप स्टार्टअपवाला झाला म्हणून घरात त्याची यथेच्छ थट्टाही झाली होती.

अध्यक्षबाईंनी फाइल मिटली. "अडचण अशी आहे की हे बीज अनुदान प्राथमिक टप्प्यासाठी आहे. कल्पना कागदावर असेल तरच. तुमचं यंत्र तर वापरात आहे."

"म्हणजे चालत नसतं तर पैसे मिळाले असते?"

"तसं नाही," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "म्हणजे, हो. तसंच."

बाहेर व्हरांड्यात समितीचा कारकून मागून धावत आला. माणूस भला होता, हेच तर जास्त चीड आणणारं. "काका, मनाला लावून घेऊ नका. डब्या काढून आणा. दवाखान्यांकडून लिहून घ्या की आमच्याकडे असं कुठलंही यंत्र बसवलेलं नाही. पुढच्या फेरीत नुसती कल्पना म्हणून अर्ज करा. मॅडमना तुमचं काम फार आवडलंय हो. सहा महिन्यांचा तर प्रश्न!"

फ्रिजवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चालतं यंत्र उपटू? आणि चालेल की नाही माहीत नाही, असं लिहून देऊ? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"बाबा, ओरडू नका," मुलीने त्याचा दंड धरला आणि त्याला जिन्यापाशी नेलं. "मलाही संताप आलाय. पण अकरा दवाखाने मोठे की चारशे? सहा महिने अकरा बंद, मग चारशे कायमचे. सांगा ना, काय चुकतंय माझं?"

पोरगी चुकत नव्हती.

चार दिवसांत त्याने अकरा डब्या काढल्या. दहा ठिकाणी पत्रं मुकाट मिळाली. चढावरच्या दवाखान्यातली सिस्टर तेवढी आडवी आली.

"चालू वस्तू का काढताय, दादा?"

"सरकारला बंद वस्तू पाहिजे, सिस्टर."

तिला थट्टाच वाटली. ती हसली, मग त्याचं तोंड पाहून तिने हसू आवरलं. "ही लागल्यापासून मी रात्रीची झोपते हो. नाहीतर डोळ्यासमोर आपला फ्रिजच."

"सहा महिने सांभाळून घ्या."

"घेते की. दुसरं काय हातात आहे?" असं म्हणून तिने पत्रावर शिक्का मारला.

पाचव्या महिन्यात, दुसऱ्या मुलाखतीला तीन दिवस उरले असताना, तिचाच फोन आला. "दादा, मागची बाटली बर्फात चिकटलीय. मी सकाळ-संध्याकाळ तापमान बघते, तेव्हा सगळं नीट असतं. हे कधीपासून चाललंय, देव जाणे."

त्याने जाऊन थर्मोस्टॅट उघडला. रात्री गारठा पडला की तो अडकत होता. निदान पंधरा दिवसांपासून तरी. सिस्टरने नोंदवही उघडून बोट फिरवत नावं मोजली. सत्तावीस बाळं. डॉक्टरांनी सगळ्यांना पुन्हा टोचायला सांगितलं होतं. त्याने थर्मोस्टॅट बदलला, आणि कुणाला न विचारता डबीही परत बसवली.

मुलाखतीत समितीतले तेच तिघं, तीच खोली. अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, "आता अर्ज नियमात बसतोय. एवढंच सांगा, असं प्रत्यक्षात घडतं, याला काही आधार?"

"सत्तावीस."

"सत्तावीस टक्के?" तज्ज्ञ लिहू लागला.

"बाळं, साहेब. सत्तावीस बाळं, गेल्या पंधरवड्यात. तिथे डबी होती. तुमच्या नियमापायी मी ती काढली. परवा परत बसवलीय."

मुलीने डोळे मिटून घेतले. तज्ज्ञाचा हात थांबला. अध्यक्षबाईंनी दोघा सहकाऱ्यांकडे पाहिलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "शेवटचं वाक्य आम्ही ऐकलं नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतेय."

"ऐका ना!" त्याने टेबलावर हात आपटला. पाण्याचे ग्लास हिंदकळले. "ऐका आणि लिहा! चारशे दवाखान्यांसाठी तुम्ही मला सत्तावीस बाळं गहाण टाकायला लावलीत, आणि मी लाज सोडून ती टाकली. लिहा की ते! चौसष्ट पानांत त्याला एक ओळ नाही?"

कुणी लिहिलं नाही. बाई म्हणाल्या, "तुमची कळकळ पोचली. अनुदान मंजूर आहे." कारकुनाने दारात त्याचा हात हातात घेऊन दोनदा हलवला.

जिन्यात मुलगी रडायला लागली. "मीच म्हणाले होते तुम्हाला."

"स्क्रू मी काढले," तो म्हणाला. "चल घरी. डोळे पूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सिस्टरबरोबर निघाला. लसींची थंड पेटी त्यानेच खांद्याला लावली होती.

"तुम्ही कशाला येताय, दादा? मी सांगते ना, जादा डोस आलाय म्हणून."

"नको. एकदा खोटं लिहून घेतलंय तुमच्याकडून, तेवढं पुरे."

पहिल्या घराचं दार एका तरुण बाईने उघडलं. खांद्यावर बाळ झोपलं होतं. सिस्टरला पाहून ती दचकली. "पुन्हा? त्या दिवशी दिलीत ना? रात्रभर रडत होता हो तो."

सिस्टरने तोंड उघडलं, पण फ्रिजवाला आधी बोलला. "ती लस वाया गेलेली होती, ताई. चूक सिस्टरची नाही. माझी आहे."

"तुम्ही डॉक्टर?"

"नाही. मी फ्रिज दुरुस्त करतो."

तिने त्याला नखशिखान्त पाहिलं. बाळाच्या पाठीवर हात घट्ट धरला आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

"राहू द्या," सिस्टर म्हणाली. "पुढच्या घरी जाऊ. इथे मी उद्या एकटी येईन."

त्याने पेटी खांद्यावरून उतरवून पायरीवर नीट ठेवली, उन्हाच्या बाजूला स्वतः उभा राहिला, आणि दार पुन्हा वाजवलं.