शून्यकाकांचं शिफारसपत्र

"विश्वास बसणार नाही तुमचा. बसला तर मिशी उतरवीन!" असं म्हणून शून्यकाकांनी बाकावर ऐसपैस मांडी घातली. पाणीखात्यातल्या तक्रारीच्या खिडकीपुढे रांग लांबलचक होती, आणि रांगेतल्या माणसाला कानांशिवाय दुसरा उद्योग नसतो.

काका याच खात्यातले निवृत्त हेडक्लार्क. त्यांच्या कुठल्याही आकड्यातलं एक शून्य उडवलं की खरं काय ते कळतं, म्हणून हे नाव. त्यांनी पाहिलेला पूर साठ हात खोल, त्यांना चावलेलं कुत्रं चाळीस किलोचं.

"इथे एक पोरगी होती," काका म्हणाले. "सरकारनं धोरणं कशी आखावीत, ते शिकवणारं विद्यापीठ आहे राजधानीत. पाच-पाच वर्षं नोकरी केलेले तिथे उंबरे झिजवतात. हिची नोकरी किती? एक वर्ष! तरी पठ्ठीनं अर्ज केला."

इथवर सगळं खरं होतं.

तक्रारीच्या छापील कागदावर 'पाणी केव्हा येते' एवढाच रकाना. ती पोरगी आपल्या मनानं आणखी एक विचारायची, "आणि जातं केव्हा?" उत्तरं वहीत टिपून ठेवायची. वर्षभरात तिला उमगलं, की चढावरच्या घरांना पाणी उशिरा पोचतं, बंद मात्र सगळ्यांबरोबरच होतं. त्यावरच तिनं अर्जाचा निबंध लिहिला. शिफारसपत्र वरिष्ठानं, म्हणजे तेव्हा नोकरीत असलेल्या काकांनी, परस्पर पाठवायचं होतं.

"काका, आहे तेवढंच लिहा हं," तिनं बजावलं होतं.

काकांनी चार कागद फाडले. एक वर्ष! कागदावर ते इतकं केविलवाणं दिसायचं, की जणू परक्यांच्या दारी पोर अनवाणी पाठवतोय. काकांना स्वतःची लेक नव्हती. पाचव्या कागदावर एकापुढे शून्य पडलं. पाकीट चिकटवताना त्यांना केवढं बरं वाटलं होतं!

तेवीस वर्षांची मुलगी दहा वर्षं नोकरीत, म्हणजे तेराव्या वर्षी खिडकीत बसली की काय? विद्यापीठातही कारकून असतातच. दोन ओळींचं उत्तर आलं. अर्जात एक वर्ष, शिफारशीत दहा. सबब अर्ज बाद, आणि पुन्हा करता येणार नाही.

तिनं फोन लावला. पलीकडच्या बाई हळहळल्या. "तुमचा निबंध आम्ही एकमेकींना वाचून दाखवला होता. एक वर्ष चाललं असतं हो."

फोन ठेवून ती काकांच्या टेबलाशी आली.

"काका, दहा?"

"कमी पडू नये म्हणून गं..."

तिनं नुसती मान हलवली, खिडकीत जाऊन बसली आणि पुढचा नंबर पुकारला. चार शब्द सुनावले असते तर काकांचं काळीज हलकं झालं असतं. तिनं ते आजवर सुनावले नव्हते. काका निवृत्त झाले, तरी रोज येऊन याच बाकावर बसायचे.

"मग? घेतलं का तिला?" शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं. तक्रार नोंदवून त्या साहेबांच्या सहीसाठी थांबल्या होत्या.

"घेतलं म्हणजे? हातोहात घेतलं!" काकांचा आवाज चढला. "स्टेशनवर पोचवायला हजार माणसं! आता शंभर शहरांचं पाणी तिच्या सहीनं सुटतं. मला दर महिन्याला पत्र असतं तिचं. 'काका, तुमच्या शिफारशीनं झालं सगळं,' असं लिहिते."

खिडकीतली शिक्क्याची ठकठक थांबली. काका इथवर आले की ती रोजच थांबायची. काकांनी मान वर केली नाही. थोड्या वेळानं ठकठक पुन्हा सुरू झाली.

बाईंनी हातातल्या पावतीवरच्या ओल्या शिक्क्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग काकांकडे.

"काहीतरीच काय सांगता, आजोबा! गेली कुठे ती? तिथे तर बसलीय! आत्ताच मला विचारलं तिनं, पाणी जातं केव्हा म्हणून!"