बाहेरगावचं अडकतं

शंतनु टेबलाखाली पालथा पडून टेलिफोनची वायर दातांनी सोलत होता आणि सरस्वतीबाई वरून त्याच्या पाठीवर बॅटरीचा उजेड मारत होत्या.

"पाठीवर नको, अक्का. वायरीवर."

"वायर कुठे दिसतेय मला? तुझी पाठच दिसते सगळी."

जयनगरच्या या अर्ध्या मराठी, अर्ध्या कानडी घरातला कॉम्प्युटर सरस्वतीबाईंच्या मुलाचा, सुधींद्रचा. गेल्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, अमेरिकेला जाताना त्याने आईवडिलांना तीन वस्तू दिल्या होत्या: कॉम्प्युटर, मोडेम आणि 'रोज मेल करीन' हे आश्वासन. तिन्हींची गॅरंटी एकाच वर्षाची निघाली. गौरी-गणपतीपासून त्याचा मेल येईना, तेव्हा सरस्वतीबाईंनी वरच्या खोलीतल्या भाडेकरूला हाक मारली. पुण्याहून नोकरीसाठी आलेला शंतनु इलेक्ट्रॉनिक सिटीत बँकेचे प्रोग्रॅम लिहायचा. मोडेमचं त्याला पुरणपोळीइतकंच ज्ञान होतं, म्हणजे समोर आली तर ओळखू येई. पण इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बसमध्ये रोज चढणाऱ्या माणसाला मिक्सरपासून मेलपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं, ही अक्कांची समजूत होती.

खरं तर हाक मारली नसती तरी तो आला असता. ऑफिसात खाजगी मेल बघायला मनाई होती, म्हणून तो स्वतःचा मेलही इथेच बघायचा. पुण्यात स्वानंदी होती. तिच्या घरचा फोन बैठकीत, वडिलांच्या आरामखुर्चीला खेटून. म्हणून 'लग्नाला हो की नाही, ते दसऱ्याच्या आत मेलनं कळवते,' असं ती त्याला निरोप देताना म्हणाली होती. दसरा झाला. दिवाळी तोंडावर आली. 'हो' आलं नाही. 'नाही'सुद्धा आलं नाही. तेव्हा यंत्रात बिघाड आहे याबद्दल शंतनुला तिळमात्र शंका नव्हती. बिघाड असणं भागच होतं.

संशयाला जागाही होती. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, सरस्वतीबाईंच्या यजमानांनी, नरसिंहरावांनी, मोडेमला मनोभावे हळदकुंकू वाहिलं होतं. निम्मं कुंकू फटींतून आत गेलं होतं. शंतनुने ते दात घासायच्या ब्रशने झाडलं, सोललेली वायर पिळून बसवली आणि टेबलाखालून बाहेर येऊन मोडेम चालू केला. करवतीने पत्रा कापावा तसा आवाज झाला आणि थांबला.

"लागलं!"

"आता?"

"आता एक टेस्ट मेल. तुमच्या पत्त्यावरून माझ्या पत्त्यावर. नुसतं 'टेस्ट' लिहा."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही."

"रिकामं पत्र पाठवू नये, बाळ. शेजारणीचं भांडंसुद्धा आपण रिकामं परत देत नाही."

"अक्का, ते मशीनसाठी आहे. माझ्यासाठी नाही."

"वाचणार कोण?"

"मी."

"मग?"

शंतनुने खुर्ची पुढे सरकवली. सरस्वतीबाई खुर्चीत नीट मांडी घालून बसल्या आणि एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी, उमटवू लागल्या. चिरंजीव शंतनु यास अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, मशीन बिघडले आहे. फोनचं बिल तिकडे धावत होतं.

"तिकडची खुशाली कळवावी," त्यांनी शेवटी मोठ्याने म्हणत टाइप केलं.

"तिकडची म्हणजे कुठली?"

"तुझ्या खोलीतली."

मेल गेला. मग शंतनु खुर्चीत बसला आणि त्याने आपलं खातं उघडलं. पान वरून खाली, पडदा सोडावा तसं, सावकाश उतरू लागलं. आधी जाहिरात आली. मग त्याचं नाव आलं. मग, नवीन मेल: एक.

त्याने मांडीवरची मूठ आवळली. पान आणखी एक बोटभर उतरलं. पाठवणाऱ्याच्या जागी सरस्वतीबाईंचा पत्ता होता.

टेस्ट यशस्वी झाली होती. इतकी वाईट बातमी शंतनुला बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती.

"पोचलं?"

"पोचलं."

"उलटं करून बघ एकदा."

त्याने उलटं करून बघितलं. 'आशीर्वाद पोचले, वर सर्व ठीक' असं त्याने पाठवलं, तेही मिनिटाभरात अक्कांच्या खात्यात येऊन पडलं. जाण्यात दोष नव्हता. येण्यात दोष नव्हता. त्याने तरीही वायर एकदा हलवून बघितली.

सरस्वतीबाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पडद्याकडे बघत होत्या.

"म्हणजे मशीन बरं आहे," त्या हळू म्हणाल्या. "मग सुधीचं..."

"छे छे, अक्का!" शंतनु गर्रकन वळला. "तसं नसतं ते. हे गावातल्या गावात गेलं ना? गावातलं जातंय. बाहेरगावचं अडकतं."

हे वाक्य ऑफिसात कुणी ऐकलं असतं तर त्याची नोकरी संध्याकाळपर्यंत टिकली नसती. आत्ताचे दोन्ही मेल अमेरिकेतल्या कुठल्याशा यंत्राला शिवून परत याच टेबलावर आले होते.

"अडकतं? कुठे?"

"वाटेत. समुद्रातून केबल येते ना. तिथे गर्दी होते. दिवाळी आहे, सगळेच पाठवतात."

सरस्वतीबाईंनी पदराच्या टोकाने पडद्यावरची धूळ पुसली, जिथे नव्हती तिथलीसुद्धा.

"मग पुण्याचंही अडकलं असणार," त्या म्हणाल्या.

पुण्याहून काही यायचंय, हे शंतनुने या घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तो रोज संध्याकाळी फक्त 'एक मिनिट मेल बघू का?' एवढंच विचारायचा, आणि रोज 'काही नाही' म्हणून वर जायचा.

"हो," तो म्हणाला. "पुण्याचंही."

"सरी, ठीक. पुण्याला बस जाते की रोज. वाटेत अडकलेलं आपण जाऊन घेऊन यावं. 'नाही' असलं तरी ते आपल्याच नावचं असतं रे."

"आणि तुमचं, अक्का?"

"अमेरिका स्वल्प लांब पडते."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. दोघांनीही त्याला जाऊ दिलं. मग सरस्वतीबाईंनी खुर्चीच्या पाठीवर टकटक केलं.

"ऊठ. मला बसू दे. गावातलं जातंय म्हणालास ना? मघाशी घाईत नीट लिहिलं नाही मी."

"लिहा की. मी आहे इथेच."

"इथे नको. बाहेर जाऊन बस. समोर माणूस असल्यावर पत्र कसलं लिहायचं?"

नरसिंहराव बाहेर पायरीवर कानडी पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"आयतेनु? झालं का काम? फोन कधी मोकळा होणार?"

"जरा वेळ, अण्णा. मेल यायचाय."

"कुणाचा?"

"अक्कांचा."

नरसिंहरावांनी मान वळवून खिडकीकडे बघितलं. आतून एक टक आवाज आला. बऱ्याच वेळाने दुसरा. त्यांनी पेपरची घडी केली, बुडाखाली सारली आणि पायरीवर थोडे बाजूला सरकले.

"बस मग," ते म्हणाले. "सावकाश लिहिते ती."