टीम जुळत नाही

“या घरात जात मानली जात नाही,” असं म्हणत अच्युतरावांनी गोरसपाकचं बिस्कीट चहात बुडवलं. वाक्य मोठं होतं आणि त्यानंतर त्यांनी घेतलेला विराम त्याहून मोठा. तेवढ्या वेळात अर्धा गोरसपाक गळून कपाच्या तळाशी गेला. समुद्रपूरहून आलेले रूपराव, त्यांच्या पत्नी कोकिळाबाई आणि मुलगा रजत, तिघंही त्या कपाकडे पाहत राहिले. अच्युतरावांनी चमचा मागवला, तळाचा लगदा काढून खाल्ला आणि रुमालाने तोंड पुसलं.

“तेव्हा तो विषय इथेच संपला,” ते म्हणाले. “आता मुद्द्याचं बोलू. टीम कोणती?”

रजतने अच्युतरावांच्या मुलीकडे, इलाकडे पाहिलं. इलाने पंख्याकडे.

“कोणत्या खेळातली, काका?”

“तू तिकडे अमेरिकेत, कोलंबसला राहतोस. तिथेच शिकलास. त्या गावात दुसरा खेळ आहे का?”

“मग... ओहायो स्टेटच म्हणायची.”

सुमतीबाईंनी चिवड्याची बशी नवऱ्याच्या हातापासून जरा लांब सरकवली.

“अस्सं,” अच्युतराव म्हणाले. एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर म्हणतात, तसं.

कोकिळाबाई नवऱ्याच्या कानाशी झुकल्या. कुजबुजणं त्यांच्या आवाजाला कधी जमलं नव्हतं.

“काय व्हय ते? पोट्टा काई पेऊन-गिऊन राह्यला का तिकडं?”

“खेळ हाय, खेळ. तू चूप बस.”

अच्युतराव वर्ध्याच्या एका कॉलेजातून अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. मुलगा निशांत मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला. त्याच्याकडे पहिल्या खेपेला गेले तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होता. सुनेने सासऱ्यांच्या हाती टीव्हीचा रिमोट दिला आणि ती कामावर निघून गेली. परत आले ते मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचे भक्त होऊन. हा फुटबॉल पायाचा नव्हे. लांबट चेंडू छातीशी कवटाळून एकाने पळायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या अंगावर पडायचं, असा. त्या विद्यापीठाशी अच्युतरावांचा संबंध एवढाच, की निशांतच्या घराच्या खिडकीतून त्याचा वाहनतळ दिसत असे. पण भक्तीला कोणी गुणपत्रिका मागत नाही.

भक्ती म्हणजे खरं तर तुच्छता. मिशिगन त्यांना आवडत होतं की नाही, हे कोणालाच छातीठोक सांगता आलं नसतं. बाकीच्या टीमा त्यांच्या लेखी काय लायकीच्या आहेत, हे मात्र सावंगीच्या रस्त्यावरच्या मैदानात सकाळी फिरणाऱ्या प्रत्येकाला पाठ होतं. अलाबामा म्हणजे जुन्या पाटलाचं घर. पाटील गेला, तोरा राहिला. नोत्र दाम म्हणजे कुठल्याच गटात नाव न नोंदवता प्रत्येक पंगतीत पान मागणारा अपक्ष. खेळाडू दरसाल कॉलेज बदलतात, या विषयाला तर मैदानाची एक अख्खी चक्कर लागे. “अहो, आपला आमदारसुद्धा पक्ष बदलण्याआधी दोन अश्रू गाळतो!”

बेसबॉलवाल्या व्यावसायिक टीमांबद्दल त्यांना याहून कमी आदर होता. न्यूयॉर्कचे यँकीज म्हणजे आजोबांच्या ढाली ओसरीवर मांडून बसलेले नातू. लॉस एंजेलिसचे डॉजर्स म्हणजे लिलावाची घंटा व्हायच्या आत बाजार समितीतला सगळा कापूस उचलणारा व्यापारी. ओकलंडची टीम तर गावच सोडून गेली. अशांच्या घरी अच्युतराव पाणीही प्यायले नसते. आणि आपल्याआपल्यात खेळून त्याला ‘वर्ल्ड सीरिज’ म्हणायचं!

“आपण आर्वी, देवळी आणि हिंगणघाट खेळून जगज्जेते झालो तर चालेल का?” त्यांनी एकदा शेजारच्या बंडूजींना विचारलं होतं.

“चालन ना, सर,” बंडूजी चालता चालता म्हणाले होते. “कप कोण देऊन राह्यलं?”

या सगळ्या उतरंडीत सर्वांत खालचं मडकं म्हणजे ओहायो स्टेट. मिशिगनचं आणि त्यांचं हाडवैर. आणि त्या मडक्यातून आलेला मुलगा आता त्यांच्याच सोफ्यावर, त्यांच्याच मुलीसमोर, चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होता.

“नावाआधी तो इंग्रजी ‘द’ लावता ना तुम्ही लोक?”

“विद्यापीठ लावतं, काका. मी नाही.”

“श्री दुसऱ्याने लावायचा असतो. स्वतःच लावून घेणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात, ते पाहुण्यांसमोर सांगत नाही. आणि ते हेल्मेटवरचं प्रकरण? चांगला खेळला की एक पान चिकटवायचं. बालवाडीत हातावर चांदणी काढतात, तसं.” त्यांनी श्वास घेतला. “बरं, बेसबॉल?”

रजतने आता विचार करून उत्तर द्यायचं ठरवलेलं दिसलं. “क्लीव्हलँड जवळ पडतं.”

“क्लीव्हलँड! ते शेवटचं जिंकले ते गांधीजी गेले त्या वर्षी.”

“मिशिगनच्या डेट्रॉइटनेही बरीच वर्षं...”

“डेट्रॉइटचा मुद्दा नाही.”

रूपराव इतका वेळ उजवा पाय सरळ ठेवून बसले होते. वर्षापूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन सावंगीच्या हॉस्पिटलात झालं, आणि फिजिओथेरपीसाठी त्यांना इलाच्या हवाली करण्यात आलं. बापाला आणायला-न्यायला सुट्टीवर आलेला रजत पहिले दोन दिवस व्हरांड्यात उभा राहिला. तिसऱ्या दिवशी व्यायाम कसा करून घ्यायचा ते शिकायला आत आला. गुडघा बरा झाला तरी त्याचं शिकणं संपलं नाही.

“सर,” रूपराव म्हणाले, “पोरगं नोकरी काय करते, ते तुमी इचारलंच नाई.”

“नोकरी बदलता येते,” अच्युतराव म्हणाले, आणि चहाचे कप गोळा करून स्वयंपाकघरात गेले. या घरात कप ते कधीच गोळा करत नसत.

इला त्यांच्या मागोमाग आली.

“बाबा, नाही म्हणायचंय का तुम्हाला?”

“मी नाही म्हटलं का?”

“मला रजतशी लग्न करायचंय. तुम्ही हो म्हणालात तर बरं वाटेल, म्हणून त्यांना बोलावलं.”

“मग? चर्चा चालूच आहे ना. माणसाची पारख अशाच गोष्टींतून होते.” त्यांनी नळ सोडला आणि एक कप धुवायला घेतला.

“मागच्या दिवाळीत नागपूरच्या काकूंनी एक मुलगा आणला होता. टेक्सासचा. आपल्यातला.”

“बरं मग?”

“त्याला टीम विचारली नव्हती.”

अच्युतरावांनी कपाच्या कानामागचा भाग बोटाने घासला.

“त्याला खेळाची आवड नसावी.”

“तो टीमचा टी-शर्ट घालून आला होता, बाबा. विटकरी नारिंगी. तुम्ही म्हणालात, रंग छान खुलतोय.”

कप उलटा झाला, सुलटा झाला, परत उलटा झाला. दाराशी उभ्या असलेल्या सुमतीबाई पुढे आल्या आणि त्यांनी नळ बंद केला.

“कप केव्हाच स्वच्छ झाला,” त्या म्हणाल्या. “पाणी जातंय.”

अच्युतराव बाहेर आले तेव्हा रजत उभा होता. मुलाखतीला आलेल्या उमेदवारासारखे त्याने हात पुढे धरले होते.

“काका, मी ती टीम सोडली.”

“म्हणजे?”

“म्हणजे सोडली. तसा मी त्यांचा एकही सामना पूर्ण पाहिलेला नाही. शनिवारी त्या रस्त्यांवर फार गर्दी होते, म्हणून मी किराणा शुक्रवारीच आणून ठेवतो. तुम्ही टीम विचारलीत, मी कॉलेजचं नाव सांगितलं. तुम्ही म्हणाल तर मिशिगन. बेसबॉललाही तुम्ही म्हणाल ती.”

मिशिगनने ओहायो स्टेटला हरवल्यावर अच्युतराव पहाटे टीव्हीसमोर उभं राहून टाळ्या वाजवत. इथे तर समोरचा न खेळताच शरण आला होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर उमटला तो शेवटच्या मिनिटाला सामना हातून गेल्याचा भाव.

“इतक्यात?” ते म्हणाले. “एका चहात? ज्याला टीम सोडायला एक चहा पुरतो, तो माणूस उद्या काय काय सोडेल?”

“धरली तर चालत नव्हती, सोडली तर चालत नाही,” इला म्हणाली. “नेमकं काय केलं तर चालेल, बाबा?”

या प्रश्नाला एक सरळ उत्तर होतं. ते खोलीतल्या सहाही जणांना माहीत होतं आणि ते उच्चारायची सोय अच्युतरावांनी पहिल्याच वाक्यात स्वतःच बंद करून टाकली होती. त्यांनी चष्मा काढला. काचा स्वच्छ होत्या, तरी पुसल्या.

तेव्हा रूपराव खाकरले.

“सरचं बरोबर हाय,” ते म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. सर्वांत जास्त अच्युतरावांनी.

“टीम जुळत नाई, त नाई जुळत. जबरदस्ती काऊन करा? उद्या पोरापोरीलेच तरास.”

“बाबा,” रजत म्हणाला, “तुमाले काय मालूम टीमचं?”

“मले नाई मालूम. सरले मालूम हाय ना.” रूपरावांनी अच्युतरावांच्या डोळ्याला डोळा दिला. “आमच्या भावकीतबी हेच चालू हाय, सर. पोरगी लाखात एक हाय, मले चालतं केलं तिनं. पण टीम जुळली पाह्यजे, म्हन्ते लोक.”

रूपरावांच्या भावकीत कॉलेज फुटबॉल पाहणारं कोणी नव्हतं.

अच्युतरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्या दुपारी पहिल्यांदाच समोरच्या माणसाला नीट पाहिलं. मग स्वतः उठून गोरसपाकची बशी त्यांच्यापुढे धरली.

“घ्या, रूपरावजी. तुम्ही काहीच खाल्लं नाही.”

“हो जी, घेतो ना.”

त्यानंतर दोघं छान बोलले. यंदाच्या कापसाचं, सोयाबीनला लागलेल्या रोगाचं, समुद्रपूरच्या रस्त्याचं. व्याही होण्याचं संकट टळलं की दोन माणसांमध्ये किती मोकळेपणा येतो, हे पाहण्यासारखं होतं. अच्युतरावांनी त्यांना यँकीजबद्दलही दोन शब्द सांगितले, आणि रूपरावांनी “असे असतेत काई काई लोक” म्हणून मनापासून मान डोलावली. रजत तेवढ्यात कधी उठून अंगणात गेला आणि इला कधी त्याच्या मागे गेली, ते दोघांनाही कळलं नाही.

स्वयंपाकघरात सुमतीबाई पाहुण्यांसाठी चिवड्याची पुडी बांधत होत्या. कोकिळाबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

“तुमच्या घरी रोज असंच चालते का बाई?”

“सीझन असला की पहाटेपासून.”

“माह्या घरी सीझन नाई लागत.” कोकिळाबाईंनी बाहेरच्या खोलीकडे मान वळवली. तिथून हसण्याचा आवाज आला. “पोरीनं दोन महिने खपून बुढ्याले चालतं केलं. अन् चालाले लागल्यावर त्यानं पाय कुठं देला, पाह्यलं ना?”

सुमतीबाईंनी पुडीचा दोरा दाताने तोडला.

“तुमचं काय म्हणणं आहे?” त्यांनी विचारलं. “आमच्या मुलीबद्दल.”

“मी पयले चार दिवस जेवलीच नाई,” कोकिळाबाई सरळ म्हणाल्या. “पाचव्या दिवशी भूक लागली.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “तुमचं?”

“माझं कोणी विचारलं नाही.”

“आता मी इचारून राह्यली ना.”

सुमतीबाई दाराकडे गेल्या. ते पुरतं बंद होत नसे, तरी जमेल तेवढं त्यांनी लोटलं.

“नोंदणीच्या लग्नाला साक्षीदार लागतात,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तीन.”

“मले सही येते,” कोकिळाबाई म्हणाल्या.

इला आणि रजतचं लग्न मे महिन्यातल्या एका मंगळवारी, वर्ध्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात झालं. साक्षीदार म्हणून सुमतीबाई, कोकिळाबाई आणि इलाच्या हॉस्पिटलातली वर्षाली अशा तिघींनी सह्या केल्या. बाहेर येऊन सगळ्यांनी उसाचा रस प्यायला. रूपरावांना त्या दिवशी हिंगणघाटला कोणाच्या तरी तेरवीला जाणं भाग होतं.

अच्युतराव घरीच थांबले. शेजारच्या बंडूजींनी कुंपणावरून विचारलं, “सर, गेले नाई का तुमी?” तेव्हा त्यांनी सांगितलं, की जातीबितीचा काही प्रश्नच नाही, मिशिगनची मॅच आहे, नाहीतर आलो असतो.

मे महिन्यात कॉलेज फुटबॉल नसतो.