चिमटे काढणारी डबी

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे आणि चिमटे काढणं हा माझा धंदा. हसू नका. जिथे फार आजारी माणसं ठेवतात, त्या अतिदक्षता विभागात माझं सारं आयुष्य गेलं.

कारखान्यात माझ्या पोटात बॅटरी बसवली, दोन वायरी जोडल्या आणि मला इथे धाडलं. इथे काही रोग्यांचा श्वास यंत्र चालवतं. शरीर त्या यंत्राशी झगडू लागलं, तर कधीकधी अंग लुळं पाडणारं औषध द्यावं लागतं. मग माणसाला बोट हलवता येत नाही, पापणीही मिटता येत नाही. पण या औषधाने जाग जात नाही, म्हणून झोपेचं औषध वेगळं चालू ठेवतात. माझ्या वायरी मनगटाला चिकटवल्या की मी विजेचे चार बारीक चिमटे काढते. अंगठा किती वेळा हलला यावरून लुळं पाडणारं औषध किती चढलंय ते कळतं.

थोरल्या सिस्टर मला फार जपायच्या. "आमची डबी खोटं बोलत नाही," असं त्या नव्या मुलींना सांगायच्या आणि मी फुगून जायचे. त्या रोग्याच्या डोळ्यांत मलम घालून पापण्या मिटवायच्या, तोंड पुसायच्या, कूस बदलायच्या. काहीही करण्याआधी ते त्याच्या कानाशी सांगायच्या.

एकदा शिंपीकाका आले. न्यूमोनियाने छाती भरली होती; श्वासाचं यंत्र आणि लुळं पाडणारं व झोपेचं अशी दोन्ही औषधं चालू होती. अंगठ्यावर कात्रीचा जाड घट्टा होता. त्यांचा मुलगा आणि मुलगी भेटायला आले, तेव्हा सिस्टरांनी नुकतीच त्यांची कूस बदलली होती. मग त्यांनी माझी कळ दाबली. अंगठा एकदाही हलला नाही.

"औषध जास्त चढलंय. डॉक्टरांना विचारून कमी करून घेते," म्हणत त्या फोनकडे गेल्या.

मुलाने फक्त न हललेला अंगठा पाहिला.

"बाबांना आता काही कळत नाहीये," तो बहिणीला म्हणाला. "वाचले तरी अंथरुणातच राहणार. माझ्याकडे नाही जमायचं, आधीच सांगतो."

"दादा, मला सासूबाईंचंच होत नाही. मी कुठे ठेवू त्यांना?"

"म्हणून म्हणतो, सुटले तर बरंच."

शेजारच्या पडद्यावर नाडीचा आकडा भराभर चढू लागला. मिटलेल्या पापणीतून पाणी कानाकडे ओघळलं. सिस्टर धावत आल्या. झोपेच्या औषधाची नळी काकांच्या खांद्याखाली दुमडली होती. औषध अगदी हळू जात असल्यामुळे, नळी अडली की ओरडणारा औषधाचा पंप अजून ओरडला नव्हता. काका जागे होते. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

नळी सरळ करत सिस्टर त्यांच्या कानाशी वाकल्या. "काका, मी सिस्टर. हात हलत नाहीये तो औषधामुळे. घाबरू नका, मी इथेच आहे. आता झोप लागेल." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "ही डबी अंगठ्याचं सांगते हो. कानांचं नाही सांगत."



शिंपीकाका वाचले. घशातली श्वासाची नळी निघाली तेव्हा मी त्यांच्या उशाशीच होते. मुलगा पायाशी उभा राहून म्हणाला, "बाबा, आता लवकरच घरी जायचं."

काकांचा आवाज घोगरा झाला होता. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणाच्या?"



आता माझं काम नव्या यंत्रांच्या पडद्यातच होऊन जातं. मी खणात पडून आहे. बॅटरी गळून माझं पोट गंजलंय आणि वायरीही तुटल्या आहेत. मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही, मित्रांनो. एवढंच मागते, की हलत नसलेल्या माणसाजवळ गेलात तर आधी आपण कोण ते त्याला सांगा. आणि तो सगळं ऐकतोय असं धरूनच पुढचं बोला.